१९५४ च्या चष्म्यातून १९४७

१८१४ साल संपत आलं तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची फौज नेपाळच्या डोंगरांत अडकून पडली होती. समोरचे गोरखे जेमतेम बारा हजार, पण माणसं चिवट आणि डोंगर त्यांच्या पायाखालचे. देहराडूनजवळच्या नालापानीच्या गढीत बलभद्र कुंवरच्या सहाशेएक माणसांनी कंपनीला महिनाभर थोपवून धरलं. गढीवर चाल करून गेलेला जनरल गिलेस्पी तिथेच गोळी लागून पडला. कंपनीच्या बुजुर्ग सेनापतींना सवय होती मैदानी लढायांची, जिथे नेटाने पुढे सरकलं की समोरचा मागे हटतो. इथे शत्रू दिसतच नव्हता. एकामागून एक तुकड्या मार खाऊन परतत होत्या, आणि या नामुष्कीतून एकटा डेव्हिड ऑक्टरलोनी तेवढा बचावला होता.

पुढचा इतिहास क्षणभर बाजूला ठेवून अंदाज करा. इंग्रज जिंकतील, गोरखे जिंकतील, लढाई तह न होता रेंगाळेल, की रेंगाळून शेवटी तह होईल? या चार शक्यतांना शंभरपैकी किती किती गुण द्याल?

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात बारुख फिशहॉफ या तरुण संशोधकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना हाच प्रश्न विचारला. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या जोडीच्या हाताखाली तो शिकत होता. हे युद्ध त्याने मुद्दाम निवडलं होतं, कारण त्याच्यासमोर बसलेल्यांपैकी जवळपास कुणालाच त्याचा निकाल ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. युद्धाचं छोटंसं वर्णन सगळ्यांना सारखंच दिलं. एका गटाला निकाल सांगितलाच नाही. उरलेल्या चार गटांना वर्णनाखाली एकेक वाक्य जोडून दिलं. एकाला सांगितलं इंग्रज जिंकले, दुसऱ्याला गोरखे जिंकले, तिसऱ्या आणि चौथ्याला उरलेल्या दोन शक्यता. प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला निकालच खरा वाटत होता.

निकाल न कळलेल्यांनी इंग्रजांच्या विजयाला सरासरी सुमारे ३४ टक्के शक्यता दिली. इंग्रज जिंकल्याचं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी सुमारे ५७ टक्के दिली. गोरख्यांच्या विजयाची शक्यता निकाल न कळलेल्यांना २१ टक्क्यांच्या आसपास वाटली होती. गोरखे जिंकल्याचं ऐकलेल्यांना ती ३८ टक्क्यांच्या घरात वाटली. ‘निकाल ठाऊक नसता तर काय उत्तर दिलं असतं ते सांगा’ असं स्पष्ट सांगूनही आकडे फारसे हलले नाहीत. निकाल डोक्यात शिरला होता, आणि तो वगळून विचार करता येईल ही कल्पनाच फोल ठरली.

मला या प्रयोगातला आणखी एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्णनातली कुठली माहिती किती कामाची वाटली, हेही फिशहॉफने विचारलं होतं. दणके खाऊन अधिकारी सावधपणा शिकले, असं एक वाक्य त्या वर्णनात होतं. इंग्रज जिंकल्याचं ऐकलेल्यांना ते फार बोलकं वाटलं, कारण विजयाचं बीज त्यात दिसत होतं. गोरखे जिंकल्याचं ऐकलेल्यांना त्यात तसं काहीच दिसलं नाही. कागद तोच होता आणि शब्दही तेच होते, पण कुठल्या शब्दांवर डोळा थांबायचा हे शेवटच्या ओळीने ठरवलं. निकाल कळल्यावर आपण फक्त टक्केवारी बदलत नाही, सबंध पुराव्याचीच नव्याने जुळणी करतो, आणि ती जुळणी आपण केली आहे हे आपल्याला जाणवतही नाही.

या प्रवृत्तीला आपण पश्चातबुद्धीचा भ्रम म्हणू. फिशहॉफला तिचा सुगावा लागला तो पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९७३ सालच्या एका लेखामुळे. रुग्णांवर चर्चा करणाऱ्या बैठकांना आपण का जात नाही, याची कारणं मील यांनी त्यात मांडली होती. रुग्णाचं पुढे काय झालं हे कळल्यावर ‘हे मला पहिल्यापासून दिसत होतं’ असं वाटणारे तज्ज्ञ मील यांना तिथे भेटत. फिशहॉफने हे निरीक्षण प्रयोगात आणलं आणि १९७५ साली प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी रूथ बेथ हिच्याबरोबर त्याचा दुसरा प्रयोगही प्रसिद्ध झाला, आणि तो इतिहासातून थेट ताज्या बातम्यांत उतरला. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि मे महिन्यात मॉस्कोला गेले. या दौऱ्यांच्या आधी दोघांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. निक्सन आणि माओ यांची निदान एक तरी भेट होईल का? दौरा यशस्वी झाल्याचं अमेरिका जाहीर करेल का? प्रत्येक गोष्टीची शक्यता किती? दौरे आटोपल्यावर, काहींच्या बाबतीत पंधरवड्याने तर काहींच्या बाबतीत कित्येक महिन्यांनी, त्याच विद्यार्थ्यांना आपले जुने आकडे आठवून लिहायला सांगितलं. जे घडलं होतं त्याला आपण मुळात दिले त्याहून जास्त गुण दिल्याचं बहुतेकांना आठवत होतं, आणि काळ जितका जास्त उलटला तितकी ही प्रवृत्ती बळावलेली दिसली. कुणी खोटं बोलत नव्हतं. आपला जुना अंदाज असाच होता, अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती.

हे का होतं? स्मृती जुनं मत जपून ठेवून नवं मत त्याच्या शेजारी मांडत नाही. नवी माहिती आली की जुन्या मतातच दुरुस्ती होते आणि दुरुस्तीपूर्वीची प्रत उरत नाही. एरवी ही सोय फार उपयोगाची आहे. जगाबद्दल आज जे कळलं तेच उद्या हाताशी हवं, कालचं अज्ञान सांभाळून काय करायचं? पण ‘तेव्हा मला काय वाटत होतं’ हा प्रश्न आला की याच सोयीची किंमत मोजावी लागते. उत्तर द्यायला जुनी प्रत नसते. मग आपण आजच्या माहितीवरून कालचं मत नव्याने रचतो आणि त्यालाच आठवण समजतो.

डोळ्यांच्या बाबतीतही हेच घडतं. प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे आधी अगदी धूसर दाखवून हळूहळू स्पष्ट करत नेण्याचा एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ जेफ्री लॉफ्टस त्याच्या लेखकांपैकी एक होते. चेहरा कुणाचा आहे हे एकदा कळलं, की लोकांना वाटायचं, तो कितीतरी धूसर असतानाच ओळखता येण्याजोगा होता. एकदा ओळखलेला चेहरा पुन्हा अनोळखी करून पाहता येत नाही. जुन्या एक्स-रेवर नंतर गाठ शोधणाऱ्या डॉक्टरचं नेमकं असंच होतं. गाठ कुठे आहे हे कळल्यावर ती पहिल्या फिल्ममध्येही दिसू लागते, आणि ज्याने ती फिल्म आधी वाचली त्या सहकाऱ्याला ती कशी दिसली नाही याचं नवल वाटत राहतं.

इथवर ही स्मृतीची एक गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण माणसं एकमेकांचा न्याय करायला बसतात तेव्हा ती गंमत राहत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या एका खटल्याकडे जरा सविस्तर पाहू.

१३ ऑक्टोबर १९४७. चेस्टरफिल्डच्या रुग्णालयात दोन पुरुष किरकोळ शस्त्रक्रियांसाठी दाखल होते. दोघांनाही एकाच भूलतज्ज्ञाने पाठीच्या कण्यात न्यूपरकेन हे औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. शस्त्रक्रिया पार पडल्या, पण बधिरता उतरल्यावर दोघांचेही पाय परत आले नाहीत. दोघेही जन्माचे पंगू झाले.

खटला उभा राहिला तेव्हा कारणाबद्दल एक उपपत्ती पुढे आली. न्यूपरकेनच्या काचेच्या अँप्यूल बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवत. काचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडल्या असाव्यात, त्यांतून फिनॉल आत झिरपलं असावं आणि औषधाबरोबर कण्यात गेलं असावं, असं न्यायालयापुढे मांडलं गेलं. भूलतज्ज्ञाने प्रत्येक अँप्यूल डोळ्यांनी तपासली होती. उघड तडा त्याला दिसला असता, पण हा तडा दिसण्यासारखा नव्हताच. या धोक्याकडे वैद्यकीय पुस्तकांनी पहिल्यांदा लक्ष वेधलं १९५१ साली, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. द्रावणात गडद रंग मिसळला की आत झिरपलेलं फिनॉल लगेच ओळखू येतं, हा साधा उपायही त्यानंतरच रूढ झाला.

१९५४ साली अपील न्यायालयात हा खटला ‘रो विरुद्ध आरोग्यमंत्री’ या नावाने आला. आता सगळं समोर होतं: धोका, त्याचं कारण, रंगाचा स्वस्त उपाय आणि पाय गमावलेली दोन माणसं. दुर्घटना इतकी भीषण आणि उपाय इतका सोपा, की ‘एवढंही सुचू नये?’ हा प्रश्न कुणाच्याही ओठांवर आला असता. न्यायमूर्ती डेनिंग यांनी मात्र सांगितलं, की १९४७ च्या अपघाताकडे १९५४ चा चष्मा लावून पाहता कामा नये. त्या दिवशी, त्या विषयाचं जे ज्ञान उपलब्ध होतं, त्याच्या उजेडात भूलतज्ज्ञाने वाजवी काळजी घेतली होती का, एवढाच प्रश्न. उत्तर ‘होय’ असं आलं आणि डॉक्टर व रुग्णालय निष्काळजीपणाच्या आरोपातून सुटले. प्रत्येक अनिष्ट निकालाची जबाबदारी डॉक्टरांवर टाकत गेलो तर ते रुग्णाच्या हितापेक्षा स्वतःच्या बचावाचा विचार आधी करू लागतील, असाही इशारा डेनिंग यांनी दिला होता.

या निकालाची दुसरी बाजू कडू आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. दोन माणसं पाय गमावून बसली आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. भरपाईची गरज आणि दोषाचा प्रश्न एकाच खटल्यात बांधले गेले की असा पेच पडतोच. माझ्या मते भरपाईची वेगळी वाट असायला हवी, जी कुणाला दोषी ठरवण्यावर अवलंबून नसेल. पण त्यासाठी, ज्याला तेव्हा दिसणं शक्य नव्हतं, त्याने ते पाहायला हवं होतं असं म्हणणं हा मार्ग नाही.

कथा १९५४ ला संपत नाही. १९९० साली एका भूलतज्ज्ञाने या प्रकरणाची पुन्हा छाननी केली आणि फिनॉलच्या भेगांची उपपत्तीच डळमळीत झाली. सुया आणि सिरिंजा ज्या भांड्यात उकळत, त्यावर साचलेला क्षार काढायला आम्ल वापरत. त्या दिवशी ते आम्ल भांड्यात राहून गेलं असावं आणि सुयांवाटे कण्यात पोचलं असावं, हे स्पष्टीकरण जास्त संभवनीय ठरलं. अदृश्य भेगांची गोष्ट जवळपास चार दशकं सगळ्यांना पटलेली होती. दरम्यान कण्यात भूल देण्याची ही पद्धतच ब्रिटनमध्ये अनेक वर्षं बदनाम झाली.

या भ्रमाचा हा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो. निकालाशी जुळणारं पहिलं कारण हाती आलं, की पुढचे प्रश्न थांबतात. ‘मला कळलंच होतं’ ही भावना शोधाची गरज संपवते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे खरं, पण पुढच्याचा पाय कशाला अडखळला हे मागच्याने नीट पाहिलं तरच.

डेनिंग यांच्यासारखा विवेक दुर्मिळ असतो, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवलं. अमेरिकेत केमिन आणि राकलिन्स्की यांनी १९९५ साली एका पुराचा प्रश्न लोकांपुढे ठेवला. शहरातल्या पुलापाशी हिवाळ्यात कचरा अडकून पूर येण्याचा धोका आहे, तर पगारी राखणदार नेमावा का? पूर येण्याआधीची माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक म्हणाले, गरज नाही, धोका फार कमी आहे. दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली, वर पूर येऊन नुकसान झाल्याचंही सांगितलं. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी राखणदार न नेमणाऱ्या नगरपालिकेला निष्काळजी ठरवलं. आणखी एका गटाला या भ्रमापासून सावध राहायला बजावलं होतं. त्या बजावण्याने फारसा फरक पडला नाही.

डॉक्टर डॉक्टरांचा न्याय करतात तेव्हा तरी वेगळं होतं का? ११२ भूलतज्ज्ञांना २१ प्रकरणांचे कागद दाखवले, त्याचे निष्कर्ष १९९१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले. प्रत्येक प्रकरणाच्या दोन आवृत्त्या होत्या. उपचार अक्षरशः सारखे, फक्त एकीत रुग्णाची इजा तात्पुरती होती आणि दुसरीत कायमची. इजा कायमची आहे असं वाचलेल्यांमध्ये ‘उपचार योग्य होते’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के-गुणांनी घसरलं. हे वाचणारे सामान्य पंच नव्हते, त्याच कामात मुरलेली माणसं होती. अनुभवाने हा भ्रम आपोआप जात नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट मांडलं: डॉक्टरच्या काळजीचं माप घटनेच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून घ्यायचं, खटल्याच्या तारखेच्या ज्ञानावरून नाही. हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात आहे. रुग्णालयाच्या दारात जमलेल्या, आपलं माणूस नुकतंच गमावलेल्या नातेवाइकांच्या मनात ते कसं पोचवायचं, हा प्रश्न मात्र कुठल्याही निकालपत्राने सुटलेला नाही. त्यांच्या रागाला दुःखाचं बळ असतं. डॉक्टरने वेळ काढून, त्या रात्री आपल्याला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं हे समोर बसून सांगितलं, तर निदान एक दार उघडं राहतं.

या सगळ्याचा अर्थ कुणालाच जाब विचारू नये असा घेतला तर तो मोठा अनर्थ होईल. दोषी माणसाला ‘नंतर सगळेच शहाणे होतात’ या वाक्याआड लपणं फार सोपं असतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. तिथे धोका आधी दिसला होता का? होता, आणि कागदावर होता. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचा अभियंता रॉजर बॉइजोली याने जुलै १९८५ मध्येच, अग्निबाणाच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचा प्रश्न सुटला नाही तर माणसं दगावतील, असं आपल्या वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत अभियंत्यांनी याच कड्यांच्या काळजीने सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये असा सल्ला दिला. पहाटेचं तापमान गोठणबिंदूखाली जाणार होतं. व्यवस्थापनाने तो सल्ला फिरवला. इथे चौकशी करणाऱ्यांना निकालाच्या उजेडाची गरज नव्हती. निकालाआधीच्या तारखेचे कागद बोलत होते.

चेस्टरफिल्ड आणि चॅलेंजर यांना वेगळं करणारी गोष्ट हीच. दुर्घटना किती भीषण होती यावरून दोष ठरत नाही. धोक्याची खूण तेव्हा कुणाच्या हाती होती, ती किती स्पष्ट होती आणि तिच्याभोवती फसव्या खुणा किती होत्या, हे पाहावं लागतं. पर्ल हार्बरवर जपानने केलेल्या हल्ल्याचा अभ्यास रॉबर्टा वोल्स्टेटर यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला, तो याच मुद्द्यावर उभा आहे. हल्ल्याच्या खुणा हाती होत्या, पण त्या इतर असंख्य खुणांच्या गलक्यात मिसळलेल्या होत्या. हल्ल्यानंतर गलका विझतो आणि खऱ्या खुणा तेवढ्या चमकत राहतात.

मराठी माणसाला हा भ्रम सर्वांत जवळून पाहायचा असेल तर पानिपताकडे पाहावं. १४ जानेवारी १७६१ ला मराठे तिथे अफगाण बादशहा अब्दालीकडून हरले, तेव्हापासून आजपर्यंत आपण सेनापती सदाशिवरावभाऊंची चूक शोधतो आहोत. गनिमी कावा सोडून तोफांवर भिस्त का ठेवली? बायका-पोरं आणि यात्रेकरू बरोबर का नेले? सूरजमल जाटाला का दुखावलं? यमुना का सोडली? एकेक प्रश्न विचारताना उत्तर इतकं स्वच्छ दिसतं, की भाऊंच्या जागी कुणीही समंजस माणूस असता तर सावरलं असतं असं वाटू लागतं.

आता तारखा लावून पाहा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला याच भाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर निजामाला नमवलं होतं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत उत्तरेची मोहीम निघाली. ज्या हत्याराने नुकताच एवढा मोठा विजय दिला, ते घरी ठेवून जावं असं तेव्हा कोण म्हणालं असतं? ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा पडलं. यमुनेला पाणी होतं आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर अडकला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने बागपतजवळ नदी ओलांडली आणि डाव फिरला. तरीही युद्धाच्या दिवशी दुपारपर्यंत गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती, आणि ही हकिगत विरुद्ध छावणीत असलेल्या काशीराज पंडितानेच लिहून ठेवली आहे.

समजा पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली नसती आणि दिवस मराठ्यांचा झाला असता. मग आपण काय लिहिलं असतं? घरापासून शेकडो कोस दूर आलेला अब्दाली, पगार थकलेले आणि परतीला अधीर झालेले त्याचे सैनिक. जिंकूनही त्याला दोनेक महिन्यांत परत फिरावं लागलं, ते याच अडचणींमुळे. पराभव झाला असता तर याच गोष्टी त्याच्या नाशाची अटळ कारणं म्हणून शाळेत पाठ करून घेतल्या असत्या. उदगीरचा तोफखाना भाऊंची दूरदृष्टी ठरला असता.

साधनांची अडचण इथे आणखी खोल जाते. सूरजमलने आणि मराठा सरदार मल्हारराव होळकर यांनी भाऊंना जो शहाणपणाचा सल्ला दिल्याचं आपण वाचतो, तो आपल्याला मुख्यतः युद्धानंतर लिहिलेल्या हकिगतींतून कळतो. भाऊसाहेबांची बखर निकाल ठाऊक असलेल्या माणसाने लिहिली. काशीराजाने आपली हकिगत सुमारे दोन दशकांनी लिहिली. सल्ला दिला गेला नसेल असं मी म्हणत नाही, दिला असेलही. पण किती ठामपणे दिला, त्याच बैठकीत दुसरे कोणते सल्ले दिले गेले, आणि तेही तेव्हा तितकेच शहाणे वाटत होते का, हे अशा साधनांतून नीट उरत नाही. निकालाशी जुळणारा सल्ला लेखकाच्या लक्षात राहतो, बाकीचे गळून पडतात.

म्हणूनच इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यातल्या मोहिमेच्या काळातल्या पत्रांचं मोल फार मोठं आहे. राजवाड्यांनी त्या पत्रांवरून गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांना दोष दिला, इतिहासकार शेजवलकरांनी पुढे त्याला विरोध केला. तो वाद आपापल्या जागी. पत्रांचं वैशिष्ट्य हे, की ती लिहिणाऱ्याला १४ जानेवारी कशी उजाडणार हे ठाऊक नव्हतं. पैसा पाठवा, नावा जमवा, धान्य पोचवा, शत्रूची रसद तोडा: त्यांत घाई आहे, चिडचिड आहे, आशाही आहे. पानिपताबद्दल मत बनवायचं असेल तर बखरीआधी पत्रं वाचावीत, आणि तारखेच्या क्रमाने वाचावीत.

रोजच्या निर्णयांनाही हाच उपाय लागू पडतो. भ्रमाविषयी नुसतं सांगून तो कमी होत नाही. फिशहॉफने लोकांना आधी सगळं समजावून सांगून पाहिलं, अधिक मेहनत घ्या असंही सांगितलं, दोन्हींचा उपयोग झाला नाही. दोन गोष्टींचा मात्र होतो. एक म्हणजे निर्णयाच्या वेळीच लिहून ठेवणं: काय ठरवलं, का ठरवलं, कोणत्या शक्यतेला किती वजन दिलं, काय ठाऊक नव्हतं. शेअर घेणाऱ्याने, धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याने, मुलाखतीतून माणूस निवडणाऱ्याने हे चार ओळींत लिहिलं तरी वर्षाने त्या ओळी स्मृतीपेक्षा खऱ्या असतात. दुसरी गोष्ट म्हणजे वेगळा निकाल लागला असता तर तो कसा समजावला असता, हे मुद्दाम मांडणं. हॅल आर्क्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मेंदूविकारांच्या मानसतज्ज्ञांवर हे करून पाहिलं. प्रत्येक संभाव्य निदानाच्या बाजूने एक तरी कारण लिहायला लावलं, तेव्हा निकालाची ओढ बरीच सैल झाली. चौकशी समित्यांनाही हे करता येईल. काही सदस्यांना शेवट न सांगता फक्त आदल्या दिवसापर्यंतचे कागद द्यावेत आणि त्यांचं मत आधी लिहून घ्यावं.

आणि एक चौकशी अशी असते जिच्यासाठी समिती नसते. वडिलांच्या छातीत दुखत होतं, ते म्हणाले पित्त असेल, मुलीनेही तेच मानलं. मित्र फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलला आणि दोन दिवसांनी त्याने जीव दिला. मागे राहिलेली माणसं वर्षानुवर्षं स्वतःवर खटला चालवतात, त्यात न्यायाधीश तेच असतात आणि पुरावा आजच्या ज्ञानाचा असतो. आज त्या छातीतल्या दुखण्याला एकच अर्थ उरलाय, तेव्हा त्याला दहा होते. युद्धावरून परतलेले सैनिक आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्याबरोबर काम करणारे अमेरिकन मानसतज्ज्ञ एडवर्ड क्युबनी यांना आघातानंतरच्या अपराधगंडाच्या मुळाशी हा भ्रम वारंवार आढळला, आणि त्यांच्या उपचारपद्धतीत तो सोडवण्याला खास जागा आहे. ‘तुमची काहीच चूक नव्हती’ असं वरवरचं सांत्वन त्यात केलं जात नाही. रुग्णाला त्या प्रसंगात मागे नेऊन टप्प्याटप्प्याने विचारलं जातं: या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं? ते तुम्हाला कधी कळलं, या क्षणाआधी की नंतर? त्या वेळी तुमच्यासमोर कोणते पर्याय होते, आणि त्यांतला तुम्ही निवडलेला तेव्हाच्या माहितीवर कसा दिसत होता? उत्तरं देताना बरीच माणसं मध्येच थांबतात, कारण ज्या माहितीसाठी ती स्वतःला दोष देत होती, ती माहिती त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आलेली असते.